स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिन आणि वेगनौका : विश्वसनीयतेचा एक दुर्लक्षित इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोध आणि विक्रम यांच्या अंगाने लिहिला जातो. अमेरिकेतील वेगनौकांचा इतिहासही त्यास अपवाद नाही. अश्वशक्तीचे आकडे आणि शर्यतींतील विजय यांची नोंद सविस्तर आढळते. परंतु मोटारीसाठी घडविलेले इंजिन पाण्यावर टिकावे म्हणून झालेल्या परिश्रमांची दखल क्वचितच घेतली जाते. भर समुद्रात बंद पडलेले इंजिन ही केवळ गैरसोय नसून नौकेतील माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो. या दृष्टीने प्रस्तुत निबंधात शेव्हरोले कंपनीच्या स्मॉल-ब्लॉक इंजिनाच्या सागरी रूपांतराचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

एड कोल यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेले २६५ घन इंचांचे हे इंजिन १९५५ च्या मोटारींसाठी बाजारात आले. आटोपशीर आकार, कमी वजन आणि स्वस्त उत्पादन ही त्याची वैशिष्ट्ये होत. दोन शेजारील सिलिंडरांच्या मध्यांतील ४.४ इंचांचे अंतर कायम ठेवूनच पुढे २८३ (१९५७), ३२७ (१९६२) आणि ३५० घन इंचांच्या (१९६७) आवृत्त्या निघाल्या. त्यामुळे अनेक सुटे भाग परस्परांत बदलता येत आणि सर्वत्र मिळत.

याच काळात नौकेची रचनाही बदलत होती. १९५९ मध्ये व्होल्व्हो पेंटाने जिम विन यांच्या कल्पनेवर आधारित ‘अ‍ॅक्वामॅटिक’ स्टर्न ड्राइव्ह सादर केला. इंजिन नौकेच्या आत, मागील टोकाशी आणि पंखा बाहेरील फिरत्या पायावर, अशी ही योजना होती. १९६१ मध्ये कार्ल किकहेफर यांच्या मर्क्युरी कंपनीने ‘मर्क्रूझर’ आणला. मोटारीच्या इंजिनाला नौकेत मोठी बाजारपेठ मिळाली ती यामुळेच. पुढे ३५० घन इंचांचे, म्हणजेच ५.७ लिटरचे इंजिन मर्क्रूझरच्या २६० अश्वशक्तीच्या संचात वापरले गेले.

रूपांतरातील प्रश्न

मोटार सपाट रस्त्यावर आपल्या शक्तीचा अल्प भागच वापरते आणि उतारावर इंजिनास विसावा मिळतो. नौकेला उतार नाही. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते; फेऱ्या दुप्पट करायच्या तर सुमारे आठपट शक्ती हवी. परिणामी इंजिन तासन्‌तास जड भाराखाली चालते. म्हणून मुख्य बेअरिंगांना चार बोल्टांची पकड आणि लाटांच्या धक्क्यांतही तेल पंपाशी राखणारी आडव्या पडद्यांची मोठी तेलटाकी यांचा अवलंब झाला.

शीतकरणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. समुद्राचे पाणी थेट इंजिनातून फिरविल्यास उष्णतेने क्षारांचे थर साचतात. ते टाळण्यासाठी तापमान सुमारे ६० अंश सेल्सिअसवर ठेवावे लागे. इतके थंड इंजिन तेलातील ओलावा व इंधन पुरेसे उडवू शकत नाही. गोड्या पाण्याचे बंदिस्त चक्र आणि उष्णता-विनिमयक हा त्यावरील उपाय ठरला. सिलिंडर ब्लॉकच्या लोखंडी बुचांच्या जागी पितळी बुचे आणि गंजरोधक गॅस्केट आली.

शक्तिवृद्धीचा मोह येथेच अंगाशी येई. शर्यतीच्या मोटारीतील कॅमशाफ्टमुळे दोन्ही व्हॉल्व्ह काही काळ एकाच वेळी उघडे राहतात. नौकेच्या धुराड्यात थंडाव्यासाठी पाणी सोडलेले असल्याने, कमी फेऱ्यांवर ते पाणी मागे खेचले जाऊन सिलिंडरात शिरते. त्यामुळे जाणकार बांधणीकारांनी कमाल शक्तीचा काही भाग स्वेच्छेने सोडून सौम्य कॅमशाफ्ट पत्करला.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून नौकेच्या तळाशी साचते. १९४० च्या अमेरिकन मोटारबोट कायद्याने कार्बुरेटरवर ज्वालारोधक सक्तीचा केला होता. मोटारीचा साधा स्टार्टर किंवा अल्टरनेटर नौकेत बसविणे म्हणजे ठिणगीला निमंत्रणच होय.

निष्कर्ष

या इतिहासात ‘उच्च क्षमता’ या संज्ञेचाच अर्थ बदललेला दिसतो. कमाल अश्वशक्तीपेक्षा ती शक्ती दीर्घकाळ आणि निर्धोकपणे देता येणे, ही पाण्यावरील क्षमतेची खरी कसोटी ठरली. २०१४ मध्ये मर्क्युरीने नौकेसाठीच आखलेले ४.५ लिटरचे व्ही-६ इंजिन आणले, ही त्या अनुभवाचीच फलश्रुती म्हणता येईल. शोधकर्त्याइतकेच श्रेय गॅस्केट, बुचे आणि तेलटाकी यांचा विचार करणाऱ्या अनाम कारागिरांना देणे, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनाचे कर्तव्य होय.