जुन्या डिझेल गाडीत इंजिन ऑइलची पातळी वाढणे किंवा घटणे: ओळख, कारणे व उपाय

पाटण तालुक्यातील डोंगरी गावांत भाजीपाला, दूध, खताच्या गोण्या आणि माणसे यांची ने-आण करायला आजही जुनी डिझेल जीप किंवा गाडी वापरात दिसते. ऑइल कमी झाले की मालक काळजीत पडतो. वाढले तर मात्र ‘भरपूर आहे’ म्हणून दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात न भरता वाढलेले ऑइल ही तेवढीच गंभीर खूण आहे. पान पिवळे पडले की कारण न पाहता युरिया टाकणे जसे चुकीचे, तसेच डिपस्टिक पाहून लगेच ऑइल ओतणेही चुकीचे.

प्रथम मोजमाप तपासा

• उतारावर उभ्या गाडीत ऑइल चेंबरच्या एका बाजूला सरकते आणि पातळी चुकीची दिसते. आपल्याकडे अंगणही उताराचे असते. त्यामुळे एक सपाट जागा ठरवून नेहमी तिथेच मोजावे.
• शक्यतो सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी मोजावे. चालू गाडी बंद केली असल्यास किमान १० मिनिटे थांबावे.
• डिपस्टिक पुसून पूर्ण आत बसवावी, मग काढून पाहावी. इंजिन किंवा डिपस्टिक बदललेली असल्यास ती त्याच इंजिनाची आहे का, याची खात्री करावी.
• डॅशबोर्डवरील ऑइलचा दिवा दाब दाखवतो, पातळी नव्हे. दिवा लागेपर्यंत वाट पाहू नये.

पातळी वाढली असल्यास

१. *जास्त भरणा:* नुकतेच ऑइल बदलले असेल तर आधी हे तपासावे.

२. *डिझेल मिसळणे:* फीड पंपाचे किंवा डिझेल पंपाचे सील झिजल्यास, अथवा नोझल गळत असल्यास डिझेल चेंबरमध्ये उतरते. ऑइल पातळ होते, डिझेलचा वास येतो. ऑइलचा एक थेंब टिपकागदावर टाकून काही तास ठेवल्यास काळ्या डागाभोवती फिकट, पारदर्शक कडे पसरते. पातळ ऑइलमुळे बेअरिंग लवकर झिजतात.

३. *पाणी मिसळणे:* हेड गॅस्केट, लायनरचे रबर सील किंवा ऑइल कूलर खराब झाल्यास रेडिएटरमधील पाणी ऑइलमध्ये येते. डिपस्टिकवरील ऑइल दुधी, चहासारखे दिसते आणि रेडिएटरचे पाणी घटते.

पावसाळ्यात एक फरक लक्षात ठेवावा. गाडी रोज थोडेच अंतर चालत असेल, तर दमट हवेमुळे ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पांढरट साय जमते. डिपस्टिक स्वच्छ असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत नसेल, तर ते बहुधा केवळ बाष्प असते. गाडी लांब पल्ल्यावर चालवली की साय नाहीशी होते.

*धोका:* जास्त झालेले ऑइल ब्रीदरमधून हवेच्या नळीत गेल्यास डिझेल इंजिन त्याच ऑइलवर आपोआप पळू लागते. चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, टॉप गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडते. सुटलेल्या इंजिनाजवळ उभे राहू नये.

पातळी घटली असल्यास

• निळा धूर येत असेल तर ऑइल जळते आहे: रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो तपासावा.
• धूर नसेल तर रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकावा. डागाच्या जागेवरून गळती कुठली ते कळते. ब्रीदर तुंबल्यासही सीलमधून ऑइल बाहेर पडते.
• रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग दिसल्यास ऑइल पाण्यात जात आहे. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे.

कुंभार्ली घाटासारख्या चढावर ऑइल कमी असल्यास पंपाला ते पुरेसे मिळत नाही आणि दाब पडतो. म्हणून घाटात जाण्यापूर्वी पातळी पाहावीच. कमी असल्यास एका वेळी पाव लिटर घालून पुन्हा मोजावे.

पातळी स्थिर, तरीही बिघाड

ऑइल जळत असताना तेवढेच डिझेल आत उतरत असेल, तर पातळी महिनोन्‌महिने तशीच दिसते. जुन्या गाडीने ऑइल अजिबात ‘खाल्ले’ नाही, तर समाधान मानण्याऐवजी वास आणि घट्टपणा तपासावा. डिझेल इंजिनातील ऑइल लवकर काळे पडते. केवळ रंगावरून निष्कर्ष काढू नये.

पुराच्या पाण्यात गाडी गेल्यास

कोयना, केरा किंवा मोरणा काठी गाडी पाण्यात बुडाली असेल, तर स्टार्टर मारू नये. सिलिंडरमधील पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची तार काढावी, गाडी ओढून न्यावी आणि मिस्त्रीकडून हवेची नळी, सिलिंडर, इंजिन, गिअरबॉक्स व डिफरन्शिअलचे ऑइल तपासून घ्यावे.

नोंद ठेवा

पीक नोंदवहीप्रमाणे तारीख, किलोमीटर, पातळी आणि घातलेले ऑइल लिहून ठेवावे. दोन-तीन नोंदींतच कल दिसतो आणि मिस्त्रीला बिघाड शोधणे सोपे जाते. डिझेल किंवा पाणी मिसळल्याची खात्री झाल्यास गाडी चालवू नये. मूळ दोष दुरुस्त करूनच ऑइल व फिल्टर बदलावेत. काढलेले ऑइल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. बंद डब्यात साठवून जुने ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे.