दृष्टीआडची सृष्टि दृष्टीपुढें
(सातारा व सांगली जिल्ह्यांतील चलच्चित्र, थेट प्रक्षेपण आणि लोकसंपर्क यांचा इतिहास)

संस्था लहान असो वा मोठी, ती ज्या लोकांसाठीं स्थापन झालेली असते त्यांच्याशीं तिचा नित्य संबंध राहिला तरच ती जगते. वर्गणी गोळा झाली, इमारत उभी राहिली, नियम लिहून झाले, म्हणजे संस्था झाली असें पुष्कळांस वाटतें. परंतु चालकांचें म्हणणें सभासदांच्या कानांपर्यंत पोहोंचेनासें झालें आणि सभासदांचें गाऱ्हाणें चालकांस ऐकूं येईनासें झालें, कीं तीच इमारत ओस पडते. ज्युबिलीच्या निमित्तानें मागें वळून पाहणाऱ्या कोणत्याही समाजास हा विचार सुचल्यावांचून राहत नाहीं.

पूर्वीं हा संबंध राखण्याचीं साधनें म्हणजे दवंडी, कीर्तन, जत्रा आणि आठवड्याचा बाजार हीं होतीं. आज त्यांच्या जोडीला चलच्चित्र आणि इंटरनेटवरून होणारें थेट प्रक्षेपण हीं आलीं आहेत. यंत्रें परमुलखांतून आलीं हें खरें. पण त्यांचा उपयोग कसा करावा याचे पाठ आपल्या कृष्णाकांठानें व माणदेशानें बऱ्याच पूर्वींपासून गिरविले आहेत. ते पाठ कोणते, हें क्रमानें पाहावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभ सांगलीपासून करणें योग्य होईल. सांगलीचे अधिपति श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' हें नाटक सांगलीस केलें. मराठी रंगभूमीचा जन्म या प्रयोगापासून धरितात आणि ५ नोव्हेंबर हा दिवस रंगभूमिदिन म्हणून पाळितात. नाटकाचा प्रेक्षक शेकडों माणसांबरोबर एकाच वेळीं एकच गोष्ट पाहतो, आणि तो हंसला कीं कंटाळला हें नटास तत्क्षणीं कळतें. पुढें निघालेल्या प्रत्येक साधनानें प्रेक्षकांची संख्या वाढविली. परंतु नटास प्रेक्षक दिसण्याची ही सोय मात्र पुष्कळदां गमावली. ती परत कशी मिळविली गेली, याचाच हा इतिहास होय.

यानंतर औंध संस्थानाकडे वळूं. या संस्थानचीं गांवें आजच्या सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेलीं होतीं. त्याचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार व कीर्तनकार होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार हा त्यांचा ध्यास. संस्थानच्या शाळांतून त्यांनीं नमस्कार सक्तीचे केले. या विषयावर त्यांनीं पुस्तक लिहिलें, व तेवढ्यावर न थांबतां नमस्कारांचें चलच्चित्रही तयार करविलें. शब्दांनीं वर्णन केलेलें आसन दहा जण दहा प्रकारें समजतात. पण एका आसनांतून दुसऱ्यांत शरीर कसें जातें, श्वास कोठें घ्यावयाचा, हें एकदां डोळ्यांनीं पाहिलें कीं पुन्हां सांगावें लागत नाहीं. चलच्चित्र कोणत्या कामीं वापरावें याचा हा आपल्याकडील एक जुना व चोख दाखला आहे.

याच राजेसाहेबांनीं दिलेल्या ओसाड माळावर, कुंडलरोड स्टेशनाजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगरानें जमिनींत विष भिनतें अशी त्या काळीं शेतकऱ्यांची समजूत होती. अर्थात् कारखान्यास नांगर घडविणें जितकें अगत्याचें, तितकेंच शेतकऱ्याशीं बोलणेंही अगत्याचें होतें. १९२० सालीं शंकरराव किर्लोस्कर यांनीं 'किर्लोस्कर खबर' हें पत्र सुरू केलें. आरंभीं त्याचें स्वरूप कारखान्याच्या मालाची व घडामोडींची माहिती देणारें असें होतें. पण संपादकांनीं लवकरच ओळखलें, कीं वाचकास कारखान्यापेक्षां स्वतःच्या संसाराची, शेतीची व मुलाबाळांची चिंता अधिक असते. त्या चिंतेस पत्रांत जागा मिळाली आणि खबरपत्राचें घरोघर वाचलें जाणारें मासिक झालें. १९३० सालीं 'स्त्री' व १९३४ सालीं 'मनोहर' हीं त्याचीं भावंडें निघालीं. आज आपलें चलच्चित्र लोकांनीं पाहावें अशी इच्छा करणाऱ्या प्रत्येक संस्थेनें किर्लोस्करवाडीचा हा इतिहास ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

याच सुमारास जगांत नभोवाणीचें युग सुरू झालें होतें. १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं मार्कोनीनें उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीचें उद्घाटन अकरावे पायस यांच्या भाषणानें झालें, आणि रोमचा आवाज समुद्रापलीकडील श्रोत्यांस त्याच क्षणीं ऐकूं गेला. सांगलीस आकाशवाणीचें केंद्र १९६३ सालीं सुरू झालें. मुंबईस दूरदर्शन १९७२ सालीं आलें, व 'आमची माती आमची माणसं' सारखे शेतकऱ्यांचे कार्यक्रम खेड्यापाड्यांत पाहिले जाऊं लागले. या साधनांचे उपकार मोठे आहेत. तथापि त्यांत बोलणारा एक व ऐकणारे अनेक अशी वांटणी पक्की होती. ऐकणाऱ्यास कांहीं म्हणावयाचें असेल तर त्यानें कार्ड लिहावें आणि तें वाचलें जाईल अशी आशा करीत बसावें.

ही वांटणी मोडण्याचे प्रयत्न आपल्याच भागांत झाले, ही अभिमानाची गोष्ट होय. १९९८ सालीं वारणानगरच्या सहकारी चळवळीच्या आधारानें कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारें ७० गांवांत संगणककेंद्रें उघडण्यांत आलीं. ऊसतोडीची पाळी केव्हां, वजन किती भरलें, पैसे किती निघाले, हें शेतकऱ्यास कारखान्यावर खेटे न घालतां गांवांतच कळावें अशी ती योजना होती. पुढें कांहीं गांवांत संगणकाऐवजीं मोबाईल फोनवरून संदेश पाठवून उत्तर मिळविण्याचा प्रयोग झाला. शेतकरी बांधावरून प्रश्न विचारूं लागला आणि उत्तर त्याच्या खिशांत येऊं लागलें.

२००८ सालीं माण तालुक्यांत म्हसवड येथें 'माणदेशी तरंग वाहिनी' ही सामुदायिक नभोवाणी सुरू झाली. ग्रामीण स्त्रियांची बँक चालविणाऱ्या माणदेशी संस्थेचीच ही शाखा. सांगली जिल्ह्यांत मराठी व कन्नड भाषांच्या सीमेवरील जत तालुक्यांत जालिहाळ येथें 'येरळावाणी' निघाली. अशा केंद्राचा आवाज थोड्याच मैलांवर पोहोंचतो; पण त्या टापूंतील ओवी गाणारी आजी, शेळ्या पाळणारी बाई, शाळेंतील मुलगा, हींच तेथें बोलणारीं असतात. शेजारणीचा आवाज यंत्रांतून आला म्हणजे घरांतील सर्वजण कान देतात.

चलच्चित्राचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र २०१६ सालीं झाला. 'सत्यमेव जयते' या दूरदर्शनमालेच्या मंडळींनीं स्थापन केलेल्या पानी फाउंडेशननें पाणलोट कामांची स्पर्धा जाहीर केली. पहिल्या वर्षीं तीन तालुके निवडले; त्यांत आपला कोरेगांव तालुका होता. सातारचे दंतवैद्य डॉ. अविनाश पोळ हे या कार्याचे एक प्रमुख मार्गदर्शक. गांवानें आपल्यांतील कांहीं स्त्रीपुरुष प्रशिक्षणास पाठवावयाचे, आणि त्यांनीं परत येऊन गांवास शिकवावयाचें, अशी रीत होती. उताराचें माप कसें घ्यावें, समतल चर कोठें काढावा, बांध कसा घालावा, हें शिकविण्याच्या कामीं चित्रपटांचा भरपूर उपयोग केला गेला. पुस्तकांतील आकृति पाहून जो बिचकला असता, तो शेतकरी आपल्यासारख्याच शेतकऱ्यास पडद्यावर चर खोदतांना पाहून कुदळ उचलूं लागला. पहिलें पारितोषिक कोरेगांव तालुक्यांतील वेळू या गांवास मिळालें. २०१८ सालीं, स्पर्धा ७५ तालुक्यांत पसरली असतां, तें माण तालुक्यांतील टाकेवाडीनें पटकाविलें. गांवकरी आपल्या कामाचीं चित्रें स्वतःच्या फोनवर टिपून एकमेकांस पाठवूं लागले. तीं पाहून शहरांत गेलेलीं गांवचीं पोरें श्रमदानास परत आलीं. पुढें याच संस्थेनें डिजिटल शेतीशाळा भरविल्या. त्यांत तज्ज्ञ थेट बोलतात व शेतकरी त्यांस आपल्या पिकाविषयीं थेट प्रश्न करितात. सांगलीच्या नाट्यगृहांतील जी सोय यंत्रांनीं हिरावली होती, ती येथें बऱ्याच अंशीं परत मिळाली असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां थेट प्रक्षेपणाची क्रिया थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कॅमेऱ्यानें टिपलेलें चित्र व आवाज यांचें अंकांत रूपांतर होतें. त्या अंकांचे लहान लहान तुकडे इंटरनेटवरून दूरच्या मोठ्या संगणकाकडे जातात आणि तेथून प्रत्येक पाहणाऱ्याच्या फोनकडे वांटले जातात. म्हणून 'थेट' म्हटलेलें चित्र वस्तुतः कांहीं सेकंद मागें असतें. ज्या जागेहून चित्र पाठवावयाचें तेथील इंटरनेट क्षीण असेल, तर सर्वच पाहणाऱ्यांचें चित्र अडखळतें. पाहणाऱ्याकडील क्षीण असेल, तर त्याचें एकट्याचें. अनुभव असा, कीं चित्र थोडें अंधुक असलें तरी लोक पाहत राहतात, पण आवाज तुटूं लागला कीं उठून जातात. यास्तव उंची कॅमेऱ्याआधीं चांगल्या ध्वनिग्राहकावर खर्च करावा हें शहाणपणाचें. २०१६ नंतर भारतांत इंटरनेटचा दर एकदम उतरला आणि ही सोय खेड्यांतील घरापर्यंत पोहोंचली.

या सोयीची कसोटी लागलीच लागली. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेस महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर चढलें. पुण्यामुंबईस असलेलीं मुलें आपल्या गल्लींत पाणी कोठवर आलें हें फोनवर पाहत होतीं. अशा वेळीं चित्र आतांचें आहे कीं कालचें, यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. थेट चित्राची किंमत त्याच्या सौंदर्यांत नसून त्याच्या वेळेंत आहे. आणि जी संस्था दिवस व वेळ न सांगतां चित्र पुढें पाठविते, ती लोकांचा विश्वास गमावून बसते.

पुढच्याच वर्षीं करोनाची साथ आली. २५ मार्च २०२० पासून सर्व देश बंद झाला. सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूर हें महाराष्ट्रांतील साथीच्या आरंभीच्या ठिकाणांपैकीं एक होतें. शाळा, देवळें, मशिदी व चर्चें यांचीं दारें लागलीं. २७ मार्च रोजीं संध्याकाळीं पोप फ्रान्सिस यांनीं सेंट पीटरच्या रित्या चौकांत पावसांत उभें राहून एकट्यानें प्रार्थना केली, व ती जगभर त्याच क्षणीं पाहिली गेली. आपल्याकडेही जीं घरें मिस्सास एकत्र बसत नसत, तीं फोन भिंतीस टेकवून एकत्र बसलीं. आजारी व वृद्ध माणसांस तर हें साधन वरदानच ठरलें, आणि त्यांच्यासाठीं तें पुढेंही राखणें हें कर्तव्य होय.

परंतु त्याच दिवसांत, १७ एप्रिल रोजीं, पोप महाशयांनीं एक इशाराही दिला. पडद्यावरचा संबंध हा संकटकाळचा बोगदा आहे. त्यांतून बाहेर पडावयाचें आहे, तेथें मुक्काम करावयाचा नाहीं, असा त्याचा आशय होता. हा इशारा केवळ धर्मसंस्थांसच लागू आहे असें नाहीं. ज्या शाळेचे विद्यार्थी, ज्या सोसायटीचे सभासद, ज्या मंडळाचे श्रोते घरीं बसूनच सर्व पाहूं लागले, त्या संस्थेस प्रेक्षक उदंड मिळतील; पण सतरंजी अंथरणारे हात मिळणार नाहींत. आणि ज्याच्या घरीं फोन एकच आहे, तो घेऊन बाप कामावर गेला आहे, त्या घरांतील मुलें व म्हातारीं माणसें तर प्रेक्षकांतही मोजलीं जात नाहींत. साथीच्या काळांत शाळांच्या बाबतींत हें दुःख आपण सर्वांनीं पाहिलें आहे.

तेव्हां या दोन जिल्ह्यांच्या इतिहासावरून जें दिसतें तें असें. जें शब्दांनीं सांगतां येत नाहीं तें चित्रानें दाखवावें, जसें औंधास दाखविलें. आपल्या कारभाराचें कौतुक थोडें व लोकांच्या जीवनाची विचारपूस अधिक करावी, जशी किर्लोस्करवाडीनें केली. लोकांस बोलूं द्यावें, जसें म्हसवडास दिलें. आणि चित्र पाहून झाल्यावर करण्यास कांहीं काम असावें, जसें वेळूस व टाकेवाडीस होतें. वेळूच्या लोकांनीं पडदा पाहण्यांत घालविलेला वेळ थोडा, आणि माळावर घाम गाळण्यांत घालविलेला फार. म्हणूनच त्या पडद्याचें सार्थक झालें.

आपल्या समाजांतील तरुण मंडळी या यंत्रांत निष्णात आहेत. त्यांनीं प्रत्येक सणाचें व सभेचें प्रक्षेपण अवश्य करावें. मात्र प्रक्षेपण संपल्यावर त्यांपैकीं कोणी एकानें, जी म्हातारी तें पाहूं शकली नाहीं तिच्या घरीं जाऊन बसावें, काय झालें तें सांगावें, आणि तिचें काय म्हणणें आहे तें ऐकून यावें. या कामास यंत्र लागत नाहीं, आणि तें यंत्रावर सोंपवितांही येत नाहीं.