बराकीतील लिपी आणि घरची लिपी

युद्धकाळात सैनिकी शिक्षण घेणाऱ्या शिपायाने घरी धाडलेल्या पत्राचा विचार करताना ‘त्याने काय लिहिले?’ हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न ‘ते कोणी, कोणत्या लिपीत लिहिले?’ हा होय.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणींतील रंगरूटांचे शिक्षण बेळगाव येथे होत असे. 1922 च्या पुनर्रचनेत जुनी 114 वी मराठा पलटण ही पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीची दहावी, म्हणजे शिक्षण देणारी, पलटण ठरली होती. भरती मुख्यत्वे कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतून होई. तथापि निजामी मुलखातील घनसावंगीसारख्या गावचा एखादा तरुण तेथे दाखल झाला अशी कल्पना केल्यास प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. हैदराबाद संस्थानात 1884 पासून राज्यकारभाराची भाषा उर्दू होती व ती फारसी वळणाच्या लिपीत लिहिली जाई. घरचे पत्र मोडीत किंवा बालबोधीत असे. आणि पलटणीत रंगरूटास जी अक्षरओळख करून देत, ती रोमन लिपीतील उर्दूची! म्हणजे तहसिलीत एका लिपीत भेटलेली परकी भाषा त्यास कवायतीच्या मैदानावर दुसऱ्या लिपीत पुन्हा भेटे. आणि दोहोंपैकी एकही लिपी त्याच्या बायकोस वाचता येण्यासारखी नव्हती. रोमन लिपीच्या सवयीने मराठी लिहू लागल्यास ळ आणि ल, ण आणि न यांतील भेद मावळतो. दीर्घचिन्ह गाळले की ‘बाळ’ आणि ‘बळ’ एकच दिसतात. बापाच्या पत्रात हा घोटाळा लहान म्हणता येणार नाही.

निरक्षर शिपाई सोबत्याकडून पत्र लिहवून घेई. गावी मास्तर किंवा कुलकर्णी ते वाचून दाखवी. दोन परक्या मुखांतून जाणारा मजकूर नवरा-बायकोत खाजगी कसा राहावा? शिवाय रूढीप्रमाणे पत्राचा मायना ‘तीर्थरूप’ वडिलांस किंवा वडील बंधूंस. पत्नीचे नाव उच्चारणे अप्रशस्त. तिची विचारपूस ‘घरातील मंडळी’ या शब्दांच्या आडोशानेच व्हावयाची. या आडोशास भावनेचा अभाव समजणे ही मोठीच चूक होईल.

पहिल्या महायुद्धातील पुराव्याकडे वळल्यास अडचण निराळी आहे. 28 ऑक्टोबर 1914 रोजी न्यव् शापेल येथे लढलेल्या खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या 20 व्या व 21 व्या तुकड्यांत मराठे होते. फ्रान्समधील हिंदी सैनिकांचा पत्रव्यवहार हॉवेल या अधिकाऱ्याच्या हाताखालील कचेरीत तपासला जाई, व निवडक उतारे साप्ताहिक अहवालांत इंग्रजीत उतरवले जात. ते अहवाल लंडन येथे जतन झाले आहेत आणि अभ्यासकांचा भर त्यांवरच असतो. परंतु मूळ पत्रे आपापल्या वाटेने पुढे गेली. राहिले ते भाषांतर. नवरा बायकोस ‘तू’ म्हणतो, ती त्यास ‘तुम्ही’ म्हणते, वडिलांस लिहिताना क्रियापद पुन्हा बदलते. इंग्रजीत या तिन्ही नात्यांस एकच सर्वनाम पुरते. पत्र कोणाकडे वळून बोलत होते, हे त्यामुळे उताऱ्यावरून ठरविता येत नाही.

विद्यार्थ्यांस एक सूचना. गावोगावच्या पेट्यांत असे मूळ पत्र हाती लागल्यास त्याची नक्कल अक्षरशः करावी. शुद्धलेखन सुधारू नये, मायना गाळू नये. मजकूर एका हाताचा व सही दुसऱ्या हाताची असल्यास तेही नोंदवावे.