दारूच्या वारशाचा शोध

दारूचे व्यसन घराण्यात उतरते, ही समजूत फार जुनी. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ बेनेडिक्ट मोरेल यांनी १८५७ मध्ये तिला शास्त्राचे रूप दिले. व्यसनाने वंशाचा पिढ्यान्‌पिढ्या ऱ्हास होतो, असे त्यांचे मत होते. पण मद्यपी बापाचा मुलगा सहसा बापाच्याच घरात वाढतो. दोष रक्ताचा की घराचा, हे ठरवण्याचे साधन तेव्हा नव्हते. तरीही अशा कुटुंबांच्या माथी कलंक लागला, आणि तो अन्याय होता.

वाट सापडली डेन्मार्कमध्ये. तिथे दत्तकांच्या आणि रुग्णालयांच्या नोंदी चोख ठेवलेल्या होत्या. अमेरिकेचे डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनी त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. आई किंवा वडील मद्यासक्तीसाठी रुग्णालयात राहिलेले, पण स्वतः तान्हेपणीच परक्या घरी दत्तक गेलेले ५५ पुरुष त्यांनी निवडले. तुलनेसाठी असा वारसा नसलेले ७८ दत्तक पुरुष घेतले. १९७३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पहिल्या गटात १८ टक्के मद्यासक्त, दुसऱ्यात ५. माणसे मोजकीच होती, पण ज्या जन्मदात्यांच्या घरी ती वाढलीच नाहीत त्यांचा वारसा त्यांच्यात दिसत होता. १९८१ मध्ये स्टॉकहोममधील दत्तकांच्या कितीतरी मोठ्या अभ्यासात क्लोनिंजर आणि बोमन या संशोधकांनी मद्यासक्तीचा एक प्रकार वेगळा काढला: तरुणपणीच जडणारा आणि बापाकडून मुलाकडे जोराने उतरणारा.

मग लक्ष वळले मुलांकडे. न्यूयॉर्कमध्ये हेन्री बेग्लायटर यांनी १९८४ मध्ये मद्यासक्त बापांच्या ७ ते १३ वर्षांच्या मुलांच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदवल्या. या मुलांनी दारू कधी चाखलीही नव्हती. तरी वेगळी खूण दिसताच मेंदूत उमटणारी एक लहर त्यांच्यात क्षीण होती. म्हणजे हा फरक दारूने घडवलेला नव्हता. सॅन दिएगोत मार्क शुकिट यांना आढळले, की ज्या तरुणांना दारू कमी चढते त्यांनाच पुढे व्यसनाचा धोका अधिक असतो. ‘पचवतो’ म्हणून ज्याचे कौतुक होते, तोच अधिक जपण्याजोगा.

किशोरवयाबद्दलची सर्वांत मोलाची माहिती फिनलंडमधील जुळ्यांनी दिली. १९७५ ते १९७९ दरम्यान जन्मलेल्या जुळ्यांचा सोळाव्या वर्षापासून मागोवा घेतला गेला. सोळाव्या वर्षी मूल दारूला शिवते की नाही, हे मुख्यतः घर आणि परिसर ठरवतात. पिणे सुरू झाल्यावर ते किती वाढते, यात जनुकांचा वाटा वयाबरोबर चढत जातो. तोही सगळीकडे सारखा नाही: शहरांत तो अधिक दिसला, खेड्यांत घर-परिसराचा प्रभाव मोठा ठरला.