सूर्यास्तापूर्वीचा हप्ता

२२ मार्च १७९३ रोजीं लॉर्ड कॉर्नवॉलिस यानें बंगालच्या जमीनदारांचा सारा कायमचा ठरवून दिल्याचें जाहीर केलें. कुळांकडून येणाऱ्या खंडाचे अकरा भाग कल्पिले, तर सुमारें दहा सरकारचे व एक जमीनदाराचा, असें त्या वांटणीचें मान होतें. सारा पुढें कधींच वाढावयाचा नव्हता. परंतु अवर्षण असो वा महापूर, त्यांत सूटही मिळावयाची नव्हती. ठरल्या दिवशीं सूर्य मावळण्यापूर्वीं रक्कम भरली नाहीं, तर जमीनदारी लिलांवांत निघे. म्हणून या व्यवस्थेला 'सूर्यास्ताचा कायदा' हें नांव पडलें.

राजशाही, नदिया, दिनाजपूर येथील जुनीं घराणीं या तडाख्यांत सांपडलीं. सरकारचा दिवस चुकवितां येत नसे. कुळांकडील थकबाकीसाठीं मात्र न्यायालयाचे उंबरे झिजवावे लागत. तेव्हां १७९९ च्या सातव्या रेग्युलेशनानें न्यायालयाची वाट न पाहतां कुळाचें पीक जप्त करण्याचा अधिकार जमीनदाराला मिळाला.

बरद्वानच्या महाराजांनीं निराळी युक्ति योजिली. त्यांनीं आपली जमीनदारी तुकड्यातुकड्यांनीं, कायमच्या ठराविक खंडानें, 'पत्तनीदारां'ना दिली. अट सरकारचीच: हप्ता थकला कीं पत्तनी विकली जावयाची. १८१९ च्या आठव्या रेग्युलेशनानें या प्रथेस मान्यता दिली. पत्तनीदारांनीं आपल्याखालीं दरपत्तनीदार नेमिले.

अशा रीतीनें सूर्यास्ताची धास्ती पायरीपायरीनें खालीं उतरत गेली. पश्चिम बंगालमध्यें १९५३ च्या कायद्यानें जमीनदारी संपेपर्यंत शेवटच्या पायरीवर शेतकरीच उभा होता. त्याला ती धास्ती ढकलावयास खालीं कोणीच नव्हतें.