पात्रतेची वेळ आणि मोजणारा हात

जिल्हा पातळीवरच्या शालेय जलतरण स्पर्धांत मी काही वर्षे वेळाधिकारी म्हणून तलावाच्या काठावर उभा राहिलो. एका लेनला तीन स्टॉपवॉच असत. तिघांपैकी दोघांची वेळ जुळली तर ती ग्राह्य, तिन्ही वेगळ्या निघाल्या तर मधली. एकदा बारा वर्षांच्या एका मुलीच्या लेनवर आम्हा तिघांच्या तीन वेळा आल्या. मधली माझी होती. पुढच्या पातळीसाठी ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा ती दोन दशांश सेकंदांनी जास्त भरली आणि मुलीचे नाव यादीत गेले नाही. नियमाप्रमाणे सारे बरोबर होते. पण दोन दशांश सेकंद हा तिच्या हाताचा उशीर होता की माझ्या अंगठ्याचा, हे आजही मला सांगता येत नाही. निकालपत्रके आणि पात्रतेचे नियम जमवण्याचा माझा नाद त्या दिवसापासूनचा.

या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९६०च्या रोम ऑलिंपिकमधले आहे. पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकदमच भिंतीला लागले. लार्सनच्या लेनवरच्या तीन घड्याळांनी ५५.०, ५५.१ आणि ५५.१ सेकंद दाखवले. डेव्हिटच्या तिन्ही घड्याळांनी ५५.२. मात्र त्या काळी क्रमांक ठरवत ते डोळ्यांनी पाहणारे पंच, आणि त्यांच्यात मतभेद झाला. मुख्य पंचाने डेव्हिटच्या बाजूने कौल दिला आणि अधिकृत नोंदीत दोघांनाही ५५.२ सेकंद लावण्यात आले. अमेरिकेने तक्रार केली, पण सुवर्णपदक डेव्हिटकडेच राहिले. पुढे स्पर्शाने थांबणारे विद्युत घड्याळ जलतरणात रुळले, त्यामागे या वादाचा मोठा वाटा आहे.

त्याच वर्षीची, याच शर्यतीशी जोडलेली दुसरी घटना मला अधिक महत्त्वाची वाटते. या शर्यतीसाठी अमेरिकेचा पहिला दावेदार जेफ फॅरेल मानला जात होता. डेट्रॉइटच्या निवड चाचणीला सहा दिवस उरले असताना त्याची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. निवड समितीने त्याला स्वतंत्र चाचणीची सवलत देऊ केली. ती नाकारून पोटाला पट्टी बांधून तो सर्वांबरोबर पोहला. १०० मीटरमध्ये त्याची जागा हुकली. रिलेसाठी मात्र तो निवडला गेला आणि रोमहून दोन सुवर्णपदके घेऊन परतला. चाचणीच्या दिवशी घड्याळ सांगेल ते खरे, या अमेरिकी पद्धतीचा हा कडक चेहरा. एका दिवसाच्या आजारपणाने चार वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते हा तिचा दोष. कोणाच्या ओळखीने कोणी आत येत नाही हा तिचा गुण.

दुसरीकडे अनेक देशांत नाव देणे हेच पुरेसे होते. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला आपल्याकडून मुंबईची डॉली नाझीर आणि कोलकात्याची आरती साहा गेल्या. आरतीला तेव्हा बारावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. पात्रतेच्या वेळा आणि कोटे नंतर आले. १९७६ला मॉन्ट्रियलमध्ये पुरुषांच्या १३पैकी १२ सुवर्णपदके अमेरिकेने नेली. १९८४पासून एका शर्यतीत एका देशाचे तीनऐवजी दोनच जलतरणपटू उतरू लागले. याचा अर्थ असा, की जगातला तिसरा वेगवान माणूस घरी बसतो आणि पन्नासावा पाण्यात उतरतो. ज्या देशांत पात्र जलतरणपटूच नाहीत, त्यांच्यासाठी ‘युनिव्हर्सॅलिटी’ म्हणजे सर्वसमावेशकतेच्या जागा ठेवल्या आहेत.

या दोन दारांमधले अंतर साजन प्रकाशने स्वतः चालून दाखवले. २०१६ला तो आणि शिवानी कटारिया सर्वसमावेशकतेच्या जागांवर रिओला गेले होते. टोकियोसाठी २०० मीटर बटरफ्लायची थेट पात्रतेची ‘अ’ वेळ होती १ मिनिट ५६.४८ सेकंद. जून २०२१च्या अखेरीस, मुदत संपत आली असताना, साजनने रोमच्या स्पर्धेत १ मिनिट ५६.३८ सेकंदांत अंतर कापले. ‘अ’ वेळ गाठणारा तो पहिला भारतीय. एक दशांश सेकंद म्हणजे त्या वेगाने जेमतेम वीतभर पाणी. पाठोपाठ श्रीहरी नटराजने तिथेच १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये ५३.७७ सेकंद नोंदवले, मर्यादा ५३.८५ होती.

ही मर्यादा येते कुठून? आधीच्या ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीतल्या चौदाव्या क्रमांकाची वेळ हा तिचा आधार. म्हणजे आपल्या मुलाची पात्रता चार-पाच वर्षांपूर्वी दुसऱ्याच कोणी पोहून ठरवलेली असते. पॅरिससाठी श्रीहरीच्या शर्यतीची मर्यादा ५३.७४ झाली. टोकियोचे दार उघडणारी ५३.७७ ही वेळ तिथे तीन शतांशांनी, पाण्यात मोजले तर तीन-चार बोटांनी, कमी पडली असती. त्याखालच्या ‘ब’ वेळेची सूटही ३ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. पॅरिसला श्रीहरी आणि चौदा वर्षांची धिनिधी देसिंघू गेली ती सर्वसमावेशकतेच्या जागांवर.

आशियाई खेळांत असे जागतिक निकष आपल्या संघाला अडवत नाहीत. तिथे चाळणी आपलीच असते. २०२३च्या हांगझोऊ स्पर्धेसाठी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने सांगितले, की वैयक्तिक प्रकारांत खेळाडूची मागच्या बारा महिन्यांतली कामगिरी २०१८च्या स्पर्धेतल्या आठव्या क्रमांकापेक्षा कमी नसावी. सांघिक खेळांसाठी आशियात पहिल्या आठांत असण्याची अट होती. त्या अटीत न बसणाऱ्या फुटबॉल संघाला पुढे सूट मिळाली. सूट देण्याला माझा विरोध नाही. पण ती कोणत्या कारणासाठी मिळू शकते हे चाचणीआधी जाहीर हवे, म्हणजे फॅरेलसारखी सवलत नाकारण्याची वा मागण्याची संधी सर्वांना सारखी राहते.

त्याच २०१८च्या जकार्ता स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत त्याची वेळ २२.४७ होती, कांस्यपदक २२.४६ला गेले. एक शतांश सेकंद म्हणजे त्या वेगाने दोन सेंटीमीटर, अंगठ्याच्या रुंदीएवढे. हा निकाल कोणाला टोचला तरी कोणी त्यावर शंका घेतली नाही, कारण भिंतीवरच्या टचपॅडला मन नसते.

आमच्या त्या लेनवर टचपॅड नव्हते. मर्यादा शतांशाची आणि मोजणारा हात माणसाचा, ही विसंगती तळाशीच सर्वांत जास्त आहे, आणि यादीतून नावे गळतात तीही तिथेच. कित्येक मुलांना पात्रतेची वेळ नोंदवायची तर विद्युत घड्याळ असलेल्या मोठ्या शहरातल्या तलावापर्यंत जावे लागते. त्या प्रवासाचे पैसे नसणे हाही एक न लिहिलेला निकष ठरतो. घड्याळाने निवड करायची हे आपण मान्य केले असेल, तर घड्याळ मुलांपर्यंत नेणे हा निवडीचाच भाग आहे. जिल्ह्याला एक टचपॅडचा संच आणि वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवर लावलेली पात्रतेच्या वेळांची यादी, एवढे झाले तरी पुष्कळ होईल.

त्या दिवसाचे निकालपत्रक माझ्याकडे आहे. तिच्या लेनसमोर तीन वेळा लिहिलेल्या आहेत आणि मधलीभोवती पेनाने गोल केलेला आहे. तो गोल मीच केलेला आहे.