संघांची वेतनमर्यादा आणि खेळाडूंचे करार : कबड्डी, क्रिकेट आणि थोडे बास्केटबॉल

गेल्या उन्हाळ्यात मंडळात एकाच आठवड्यात दोन प्रश्न आले. एका ज्येष्ठ सभासदांचा नातू डॅलसहून सुट्टीला आला होता. तो बास्केटबॉलचा वेडा. एवढा चांगला खेळणारा माणूस त्याचा संघ सोडून कसा देतो, असे तो आजोबांना विचारत होता. आजोबांनी प्रश्न आमच्याकडे वळवला, कारण काय तर "तुम्ही बँकेत होता". दुसरा प्रश्न आमच्या एका भगिनींचा. कोल्हापूरकडच्या त्यांच्या भाच्याला कबड्डीतल्या एका कराराचा मसुदा आला होता. त्यात काय पाहायचे, हे त्यांना हवे होते. वरवर पाहता या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध नाही, पण दोन्हींची उत्तरे एकाच नियमात आहेत. म्हणून ही माहिती सर्व सभासदांसाठी येथे देत आहोत.

वेतनमर्यादा म्हणजे काय

व्यावसायिक लीगमधल्या प्रत्येक संघाने एका हंगामात खेळाडूंच्या मानधनावर जास्तीत जास्त किती खर्च करायचा, याची लीगने आखून दिलेली रक्कम म्हणजे वेतनमर्यादा. आपल्याकडे लिलावाच्या भाषेत तिला 'पर्स' म्हणतात. मालक कितीही धनाढ्य असो, सर्वांची थैली सारखी. त्यामुळे एकाच संघाने सगळे मोहरे विकत घेऊन स्पर्धा बेचव करू नये, हा हेतू. आम्हा बँकवाल्यांना हे लगेच कळते. शाखेची कर्जमंजुरीची मर्यादा एकाच बड्या खातेदाराला देऊन टाकली, तर दारात उभ्या असलेल्या बाकीच्यांना सांगायचे काय?

खेळाडूच्या बाजूने मात्र याचा अर्थ वेगळा होतो. त्याची किंमत त्याच्या खेळावर ठरते हे खरेच, पण बोली लागते त्या घटकेला इतर संघांच्या थैलीत किती शिल्लक आहे, यावरही ती तेवढीच ठरते. वर्तमानपत्रातले कोटींचे मथळे वाचताना आपण हा दुसरा भाग विसरतो.

लक्ष्मण यांचा निर्णय

हैदराबादकरांनी हा हिशोब पहिल्यांदा २००८ मध्ये पाहिला. आयपीएलच्या पहिल्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स ५० लाख डॉलर होती. काही संघांना आपल्या भागातला एक 'आयकॉन' खेळाडू लिलावाशिवाय मिळणार होता. मुंबईला सचिन तेंडुलकर, बंगळूरूला राहुल द्रविड, कोलकात्याला सौरव गांगुली, असे. अट अशी, की आयकॉनला संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त द्यायचे आणि तेही त्याच पर्समधून.

आपल्या डेक्कन चार्जर्सचे आयकॉन साहजिकच व्ही. व्ही. एस. लक्ष्मण ठरले असते. त्यांनी तो मान घेतला नाही. लिलावासाठी संघाकडे जास्त पैसे राहावेत, हे त्यामागचे कारण. त्यांना ३ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. त्याच संघाने अँड्र्यू सायमंड्सवर १३ लाख ५० हजार डॉलर लावले आणि अ‍ॅडम गिलख्रिस्टला ७ लाखांत घेतले. आता पेन्सिल घेऊन बसा. लक्ष्मण आयकॉन असते, तर सायमंड्सच्या रकमेवर १५ टक्के चढवून त्यांना १५ लाख ५२ हजार ५०० डॉलर द्यावे लागले असते. फरक ११ लाख ७७ हजार ५०० डॉलरचा, म्हणजे पर्सचा जवळजवळ चौथा हिस्सा. अर्थात तसे असते तर सायमंड्ससाठी बोली एवढी चढवलीच नसती, हेही आहे. पहिल्या वर्षी संघ तळाला राहिला. दुसऱ्या वर्षी, २००९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत झालेल्या स्पर्धेत गिलख्रिस्टच्या नेतृत्वाखाली तोच संघ विजेता झाला. एखाद्या खेळाडूने स्वतःचा करार लहान ठेवून संघाचा ताळेबंद सावरल्याचे याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

कबड्डीतली पाच कोटींची थैली

आपल्या मुलांच्या दृष्टीने जास्त जवळचा खेळ कबड्डीचा. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा सर्वांत महागडा खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजार रुपये. २०१८ मध्ये पर्स ४ कोटींची होती. त्या वर्षी तेलुगू टायटन्सने पहिल्या हंगामापासूनचा आपला चढाईपटू राहुल चौधरी याच्यासाठी १ कोटी २९ लाख मोजले. पुढच्या वर्षी, पर्स ४ कोटी ४० लाखांची असताना, त्याला मोकळे केले आणि त्याच्या जागी आणला आपला सिद्धार्थ देसाई.

सिद्धार्थ चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांत घेतले होते. त्या एका हंगामात त्याने चढायांतून दोनशेहून जास्त गुण काढले आणि एप्रिल २०१९ च्या लिलावात टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख दिले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली. एका वर्षात मानधन जवळजवळ चौपट! नव्या खेळाडूचा स्वस्तातला करार संपून तो खुल्या बोलीत येतो, तेव्हा भाव असा उसळतो. मात्र उसळलेला भाव टिकेलच, याची हमी कोणी देत नाही. २०२१ मध्ये त्याच संघाने त्याला १ कोटी ३० लाखांत परत घेतले आणि तो हंगाम बराचसा दुखापतीत गेला.

आता ऑक्टोबर २०२३ चा लिलाव पाहा, कारण सगळी गंमत त्यात आहे. पर्स ५ कोटी झाली होती. टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार दिले. एका माणसावर ५२ टक्के! संघात किमान १८ खेळाडू हवेतच. म्हणजे उरलेल्या १७ जणांसाठी राहिले २ कोटी ३९ लाख ५० हजार, सरासरी माणशी १४ लाखांच्या आसपास. 'अ' गटातल्या खेळाडूची मूळ किंमतच ३० लाख असते, हे लक्षात घेतले म्हणजे अडचण कळते. पवन उत्तम खेळला, पण चढाई करून परत आल्यावर मागे बचाव कोण करणार? टायटन्स त्या हंगामात तळाला राहिले.

याचा अर्थ मोठी बोली लावणे चूक, असा कोणी काढील, तर तसेही नाही. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख खर्च केले, म्हणजे ४७ टक्के. पलटण मात्र जिंकली. १ मार्च २०२४ रोजी अंतिम सामना आपल्याच गच्चीबौलीच्या बालयोगी इनडोअर स्टेडियममध्ये झाला आणि पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवले. मंडळातल्या बऱ्याच जणांनी त्या दिवशी तेलंगणात राहून पुण्यासाठी घसा बसवून घेतला. (सिद्धार्थ देसाई त्या हंगामात हरियाणाकडे होता, म्हणून चंदगडकडची मंडळी अडचणीत होती!) पलटणला एवढी महाग बोली परवडली, कारण कर्णधार अस्लम इनामदार, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत ही मुले त्यांनी आधीपासून राखून ठेवली होती. त्यांतली काही तर तरुण खेळाडू म्हणून लिलावाबाहेर, ठरलेल्या रकमेवर आलेली. स्वस्तातल्या करारांनी महागड्या कराराला जागा करून दिली. पाहणाऱ्याला ट्रॉफी शादलूच्या बोलीची वाटते. आमच्या हिशोबाने ती जेवढी शादलूची, तेवढीच या मुलांच्या कमी मानधनाची आहे.

राखणे, सोडणे आणि पुन्हा घेणे

दर हंगामाआधी संघ कोणाला राखायचे, कोणाला सोडायचे, ते ठरवतो. सोडणे म्हणजे नको असणे, असे मात्र नेहमी नसते. कबड्डीत 'फायनल बिड मॅच' नावाची सोय आहे. सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघाने शेवटची बोली लावली, की जुना संघ तेवढीच रक्कम देऊन त्याला परत घेऊ शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये टायटन्सने पवनच्या बाबतीत हेच केले. बोली १ कोटी ७२ लाख ५० हजारांवर थांबली, टायटन्सने तेवढे भरले आणि तोच खेळाडू ८८ लाखांनी स्वस्त पडला. पुढच्या, २०२५ च्या लिलावात पवन तमिळ थलैवाजकडे ५९ लाख ५० हजारांत गेला. दोन वर्षांत अडीच कोटींवरून साठ लाखांवर. शादलूचे उलट झाले. पलटणने त्याला सोडल्यावर हरियाणाने २ कोटी ७ लाखांत घेतले आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणा विजेता झाला, तोही पुण्याच्या बालेवाडीत!

क्रिकेटमध्ये राखलेल्या खेळाडूंसाठी पर्समधून किती वळते करायचे, याचेही दर ठरलेले असतात. २०२५ च्या हंगामासाठी आयपीएलची पर्स १२० कोटी होती. सनरायझर्स हैदराबादने पाच जण राखले : हाइनरिख क्लासेन २३ कोटी, पॅट कमिन्स १८, अभिषेक शर्मा आणि ट्रॅव्हिस हेड प्रत्येकी १४, नितीशकुमार रेड्डी ६. बेरीज ७५ कोटी. लिलावाच्या खोलीत शिरताना हातात उरले ४५ कोटी.

आणि नातवाचे बास्केटबॉल

अमेरिकेच्या एनबीएमध्ये आजच्या पद्धतीची वेतनमर्यादा १९८४-८५ च्या हंगामात आली. तेव्हा ती ३६ लाख डॉलर होती. २०२४-२५ मध्ये ती १४ कोटी डॉलरच्या थोडी वर गेली. तिथे लिलाव नाही, खेळाडू आणि संघ वाटाघाटी करतात. शिवाय तिथली मर्यादा लवचिक आहे. स्वतःच्या जुन्या खेळाडूला ठेवून घेण्यासाठी संघाला ती ओलांडता येते. बोस्टनच्या लॅरी बर्ड या खेळाडूचे नाव त्या सवलतीला पडले आहे. पण फार पुढे गेले, की संघाला जबर कर भरावा लागतो. आवडता खेळाडू सुटतो तो बहुधा या करामुळे, असे आम्ही नातवाला सांगितले.

तिथली एक गोष्ट आम्हाला विशेष पटली. एका खेळाडूच्या नव्या कराराच्या पहिल्या वर्षाच्या रकमेलाही सर्वसाधारण मर्यादा आहे : लीगमधल्या अनुभवाप्रमाणे संघाच्या वेतनमर्यादेच्या २५, ३० किंवा ३५ टक्के. पवनसारखी ५२ टक्क्यांची वाटणी तिथे अशी होऊ शकत नाही.

भाच्याचा मसुदा

नव्या मुलाचा करार सगळीकडे याच कारणाने स्वस्त असतो. एनबीएत पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचे मानधन तक्त्याप्रमाणे ठरते. दोन वर्षे पक्की असतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात असतो. कबड्डीत तरुण खेळाडूंचा गट वेगळा असतो आणि त्यात बोली लागत नाही. मुलगा चमकला तरी करार संपेपर्यंत त्याला बाजारभाव मिळत नाही. तो फायदा संघाचा. यात फसवणूक नाही, पण सही करताना घरच्यांना हे माहीत असावे.

म्हणून रकमेच्या आधी कालावधीचे कलम वाचावे. किती हंगाम, आणि पुढचा हंगाम ठरवण्याचा हक्क कोणाचा? दुखापत झाली तर मानधन आणि उपचार यांचे काय? मूळ संघात घेतले आहे, की फक्त सराव शिबिरात? मुलगा १८ वर्षांखालील असेल, तर पालकांनी सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावे. मिळणारी रक्कम हा पगार नव्हे. ते व्यावसायिक उत्पन्न असते, त्यातून कर आधीच कापला जातो, आणि भविष्यनिर्वाह निधी किंवा ग्रॅच्युइटी अशी अपेक्षा ठेवू नये. रेल्वे, पोलीस, बँका यांत खेळाडूंसाठी ज्या नोकऱ्या असतात, त्यांचे मोल कोटींच्या बोलीपुढे लहान दिसते. पेन्शनवर जगणाऱ्या आम्हाला ते तसे वाटत नाही. नोकरी असेल, तर लीग खेळण्याची परवानगी लेखी घ्यावी.

भगिनींनी आणलेल्या मसुद्यात पहिल्या दोन हंगामांच्या रकमा स्पष्ट होत्या. तिसऱ्या हंगामाचा पर्याय कोणाकडे, ते परिशिष्टात पाहावे असे लिहिले होते आणि परिशिष्ट जोडलेले नव्हते. ते पान त्यांनी आता मागवले आहे.